सुलतानाने फाटक अडविल्याची हकीकत

माळाची माती, लांब वाशाची विहीर आणि बोर्बालाबाईसाहेबांच्या अंगणातील तुतीचे झाड, ही तिन्ही साक्षीस ठेवोन ही हकीकत लिहिली असे. कारण ऐसे की, कुनशारोश गावच्या गुत्त्यात जर्दाळूच्या दारूचे दोन पेले पोटात गेले म्हणजे जो तो उठोन या प्रसंगाचे वर्णन आपल्या अकलेप्रमाणे करू लागतो. कोणी म्हणतो सुलतानाने हकीमबाईंचा बूट खाल्ला, कोणी म्हणतो बूट पायासकट खाल्ला, आणि जो त्या दिवशी वस्तीच्या वाऱ्यासही उभा नव्हता तो शपथेवर सांगतो की रक्ताचे पाट विहिरीपावेतो गेले. तेणेकरून थोरांची नाचक्की आणि पोरासोरांची दिशाभूल होते. सबब बाईसाहेबांची आज्ञा झाली की, शेजारच्या वस्तीवर राहोन कुंपणावरून जे दिसले, आणि मागाहून ज्याच्या त्याच्या तोंडून जे कानी आले, ते यथास्थित लिहोन काढावे, पदरचे तिखटमीठ घालू नये. आज्ञा शिरसावंद्य. मीठ घातले नाही. तिखटाची खात्री देववत नाही.

प्रथम खुद्द सुलतानाचा वृत्तांत. सुलतान जातीने कोमोंदोर, म्हणजे या माळावर मेंढरे राखण्याकरिता पूर्वापार बाळगलेले थोर कुत्रे. अंगाने वासराएवढा, आणि डोक्यापासोन शेपटीपावेतो पांढऱ्या जटा जमिनीस लागलेल्या, ऐशा की निजला असता पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती याचा उलगडा खाणे पुढे ठेवल्याशिवाय होत नसे. डोळे जटांआड, सबब लोक त्यास दिसत नाही ऐसे समजत, आणि या गैरसमजापायी पुष्कळांच्या विजारी फाटल्या. बाईसाहेबांच्या सूनबाई गिझेलाबाई लग्न होऊन प्रथम वस्तीवर आल्या तेव्हा उंबऱ्याशी पाय पुसावयास गेल्या, आणि मागे सरोन म्हणाल्या, "आई, तुमचं पायपुसणं हललं." तेव्हापासोन सुलतान आणि गिझेलाबाई यांचे दरम्यान वाकडे पडले ते पडलेच.

सुलतानाची मर्जी कैशी, तेही लिहितो. दिवसा सावलीस पडोन असावे आणि रात्री कुंपणाची गस्त घालावी हा नेम. भुंकणे थोडे. हुकूम केला असता ऐकोन घ्यावा, त्यावर विचार करावा, आणि रुचला तर अमलात आणावा. म्हणोन गावकरी त्यास मठ्ठ म्हणत. हाच गुण एखाद्या वजिरात असता तर त्यास मुत्सद्दी म्हटले असते. त्यास कंगवा चालत नाही, जटा बोटांनी फाडोन वेगळ्या कराव्या लागतात, आणि वर्षातून एकदा भर उन्हाळ्यात न्हाऊ घातला तर न्हाण्यास अख्खा दिवस आणि वाळण्यास त्याहून अधिक. गिझेलाबाईंनी एकवार सुचविले की मेंढरांसोबत यालाही कातरोन काढावे, तर बाईसाहेबांनी त्यांच्या केसांकडे पाहोन, तुलाही काढू का, इतकेच विचारिले. आणि सुलतानाचा सर्वांत मोठा कायदा फाटकाचा. कोणी दिवसाढवळ्या सरळ चालत आत आला तर येऊ द्यावा, हुंगोन घ्यावा, दोन घटका बसू द्यावा. परंतु मालकिणीची परवानगी नसता बाहेर जाऊ देऊ नये. गावचा टपालवाला हा कायदा जाणोन असे, सबब तो वस्तीवर आजवर सायकलीवरून उतरला नाही.

आता कलहाचे मूळ. बाईसाहेबांचे चिरंजीव आम्ब्रुश हाल्मोश, वय चाळिशीपार, केचकेमेत शहरी टायरांचे दुकान बाळगोन होते. वडील गास्पार हाल्मोश निवर्तल्यापासोन बाईसाहेब माळावर एकट्या, हिवाळ्यात बर्फ पडले म्हणजे रस्ता बंद, विहिरीभोवती काच पसरल्यासारखे गोठते. म्हणोन आम्ब्रुशरावांनी शहरात आपल्या घराजवळ मातोश्रींकरिता एक फ्लॅट पाहिला, उबेस रेडिएटर, चढण्यास लिफ्ट, खाली औषधांचे दुकान, सर्व काही, परंतु त्या इमारतीत कुत्र्यास मज्जाव. बाईसाहेबांनी विचारिले की सुलतान कोठे राहील, आणि विषय तेथेच बंद केला. मग जूनअखेरीस कापणीच्या सणास आम्ब्रुशराव सहकुटुंब वस्तीवर आले, आणि जाता जाता त्यांनी सुलतानाच्या डोक्यावरून हात फिरविला, तो सुलतानाने एकाएकी वळोन मनगट दातांत धरिले आणि सोडिले. कातडे शाबूत, घड्याळाचा पट्टा मात्र तुटोन कामास आला. हीच गोष्ट गिझेलाबाईंच्या तोंडून केचकेमेत शहरी केस कापावयाच्या दुकानात पोहोचली तेव्हा हात कोपरापावेतो गेला होता. परंतु आम्ब्रुशरावांच्या मनात भय शिरले ते खरे होते. आज आपले मनगट धरिले, उद्या आईचे धरील, आणि तिजपाशी हाकेस माणूस नाही, ऐसा विचार करोन त्यांची झोप उडाली. मग नवराबायकोत खलबत होऊन मनसुबा ठरला की, ऑगस्टात मरियम मातेच्या सणास गावची जत्रा भरते, त्या दिवशी मातोश्री प्रार्थनेस गेल्या म्हणजे वस्तीवर चालोन जावे, आणि सुलतानाचा निकाल लावावा.

फौजेत नामजाद मंडळी ऐशी. खासे आम्ब्रुशराव. गिझेलाबाई, नवा स्कर्ट नेसोन, कारण संध्याकाळी जत्रेत मिरविण्याचा बेत होता. तिसरा बेर्ताल, डुकरे वाहण्याची पिंजऱ्याची गाडी बाळगणारा गावचाच गडी, हाती फासाची काठी. आणि चौथ्या तरुण हकीमबाई, जनावरांच्या डॉक्टर किंगा. त्यांनी हे कुत्रे माणसावर जाणारे आहे असे सांगावे आणि सुई देऊन त्यास कायमचे निजवावे, ऐसी आम्ब्रुशरावांची अर्जी होती. हकीमबाईंनी वाटेतच सांगोन ठेविले की, "मी आधी बघणार. बघितल्याशिवाय हो नाही आणि नाही पण नाही." आम्ब्रुशरावांनी मान डोलविली, जैशी गिऱ्हाइकापुढे डोलवितात तैशी.

देवळाची घंटा झाली, बाईसाहेबांची स्वारी सायकलीवर आरूढ होऊन गावाकडे गेली, धुरळा खाली बसला, आणि मग फौजेने कूच केले. गाड्या फाटकाबाहेर ठेविल्या. सुलतान सावलीतून उठोन आला, चौघांस हुंगिले, शेपूट एकवार हलविले, आणि बाजूस जाहला. फौज अंगणात दाखल जाहली, एक गोळी न झाडता किल्ला हस्तगत जाहला म्हणोन आम्ब्रुशरावांनी कपाळीचा घाम पुसला. मग बेर्तालने फासाची काठी पुढे केली. सुलतानाने काठीकडे पाहिले, सावकाश चालत फाटकापाशी गेला, आणि उघड्या फाटकात आडवा पडला. बेर्ताल दोन पावले पुढे गेला. सुलतान उठोन उभा राहिला आणि ओठाची एक कड उचलिली, तो आत जे दिसले ते पाहोन बेर्ताल मागे आला आणि काठी तुतीस टेकवोन म्हणाला, "दादा, मी डुकरं धरतो. हे डुक्कर नाही." आणि सावलीस बसला, आणि त्याने त्या दिवशी पुनः काठीस हात लाविला नाही.

तेव्हा ध्यानी आले की धरावयास आलेली फौजच धरली गेली.

पहिला हल्ला आम्ब्रुशरावांनी खासा केला. छाती काढोन फाटकाकडे चालले आणि घरच्या धन्याच्या आवाजात, "सुलतान, बाजूला हो," ऐसा हुकूम फर्माविला. सुलतानाने हुकूम ऐकोन घेतला आणि त्यावर विचार सुरू केला. विचार लांबला. आम्ब्रुशराव माघारी फिरताच तो पुनः आडवा पडला.

मग लाच देण्याची मसलत निघाली. गुंगीची गोळी घालोन देण्याकरिता आणिलेली लाल तिखट लाविलेली सॉसेजे गिझेलाबाईंच्या पिशवीत होती, आणि गोळ्या मात्र बाहेर मोटारीत राहिल्या होत्या, आणि मोटारीतच चौघांच्या दुपारच्या जेवणाची टोपली होती. तरी सॉसेजे एक एक करोन फेकिली. सुलतानाने एक एक करोन खाल्ली, जागा न सोडता, मान लांबवोन, जैसा एखादा अंमलदार बसल्या जागी नजराणे घेतो तैसी. गिझेलाबाईंनी सगळी पिशवीच उपडी करावयास घेतली तेव्हा हकीमबाईंनी हात धरिला आणि सांगितले की, "एवढ्या मोठ्या कुत्र्याला भरभरून खायला घालून मग पळवलंत ना, तर पोटाला पीळ पडतो. तासादोनतासात मरतं." गिझेलाबाई म्हणाल्या, "म्हणजे काम झालंच की." बेर्तालने टोपी डोळ्यांवर ओढिली. आणि आम्ब्रुशरावांनी पुढे होऊन बायकोच्या हातून पिशवी काढोन घेतली आणि खांबाच्या खुंटीस उंच टांगिली. आपण निकाल लावावयास आलो आणि पिशवी टांगितो आहो, हे त्यांच्याही ध्यानी आले असावे, कारण ते बराच वेळ पिशवीकडे पाहत उभे राहिले.

ऊन चढले. मातोश्रींस फोन करावा ऐसी सूचना गिझेलाबाईंनी केली. केला, तो कुलूप लाविलेल्या स्वयंपाकघरात खणखणला, कारण बाईसाहेब देवळात फोन नेत नसत. मग गावातील माणसे बोलवावी म्हणाल्या. त्यास आम्ब्रुशरावांनी साफ नकार दिला. आपल्याच बापाच्या अंगणात आपल्याच कुत्र्याने कोंडिले हे गावात कळले तर मरेतोवर टायर बदलावयासही कोणी हसल्याखेरीज येणार नाही, ऐसे त्यांचे म्हणणे. तेव्हा गिझेलाबाईंनी नवऱ्याचा नाद सोडोन स्वतंत्र मोहीम काढिली. बेर्तालने विहिरीपाशी बादली वाजवावी, आणि त्या गडबडीत आपण मेंढवाड्याच्या मागील कुंपणावरोन उतरोन मोटार गाठावी. बेर्तालने बादली वाजविली. गिझेलाबाई कुंपणावर चढल्या, एक पाय पलीकडे टाकिला, आणि पायपुसणे ज्यास म्हणत होत्या ते पायपुसणे घोड्याच्या चालीने अंगण ओलांडोन आले. सुलतानाने गिझेलाबाईंस दात लाविला नाही, केवळ स्कर्टाची कड धरोन खाली ओढिले. बाई आत आल्या. स्कर्ट सुलतानाकडे राहिला. तो त्याने फाटकापाशी नेऊन अंगाखाली घेतला आणि त्यावर निजला.

मग दोरीवर वाळत घातलेला बाईसाहेबांचा घरात वापरावयाचा, मोठ्या मोठ्या फुलांचा, गुडघ्यापावेतोचा गाऊन होता तो गिझेलाबाईंस अंगात घालावा लागला. बेर्तालने भिंतीकडे तोंड केले, परंतु भिंतीस हसू ऐकू गेले.

या सर्व धामधुमीत हकीमबाई एका कोपऱ्यात ओट्यावर बसोन केवळ पाहत होत्या. सुलतान निजला म्हणजे डोके सदा डाव्या अंगास कलते. मधोन मधोन उठोन ऐसे झटकितो की जटांचा फटफटाट होतो, आणि मग मागच्या पायाने डावा कान खाजवू जातो आणि खाजविता खाजविता थांबतो. आणि डाव्या बाजूस टाळी वाजविली तर मान वळत नाही. वाऱ्याची झुळूक फाटकाकडून आली तेव्हा त्यांनी नाकाने हुंगिले. मग त्यांनी आम्ब्रुशरावांस जवळ बोलाविले आणि विचारिले की त्या दिवशी हात नेमका कोठे लाविला होता. आम्ब्रुशरावांनी आपल्याच डोक्यावर दाखविले. डाव्या कानापाशी.

हकीमबाई म्हणाल्या, "याआधी कधी असं केलं होतं त्यानं? कुणालाही?"

आम्ब्रुशरावांनी मनगट चोळले. मग म्हणाले, "बाबांना न्यायला गाडी आली तेव्हाही असाच फाटकात आडवा पडला होता. बाबांची शवपेटी बाहेर जाऊ देईना. मीच गळपट्ट्याला धरून ओढला. गुडघ्यात दाबून धरला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत."

"आणि तेव्हा चावला?"

"नाही."

"मग बघा," हकीमबाई म्हणाल्या. "त्या दिवशी ओढलात तरी चावला नाही, आणि कुरवाळायला गेलात तर चावला. आज तर तुमच्या बायकोचा पाय तोंडाशी आला होता त्याच्या. हे कुत्रं रागीट नाहीये. ह्याचा कान सडलाय."

आम्ब्रुशराव ओट्यावर बसले. गास्पारबाबांच्या त्या दिवसानंतर त्यांनी वस्तीवर एकही रात्र काढिली नव्हती, आणि त्याचे कारण ते बायकोस मोटारीचे, मुलांस दुकानाचे आणि आईस पाठदुखीचे सांगत आले होते. फाटकात पडलेल्या सुलतानाकडे त्यांनी त्या दिवशी प्रथमच सरळ पाहिले. परंतु मालकिणीवाचोन कानास हात लाविता येत नाही, ऐसे हकीमबाईंनी बजाविले, सबब वेढा तैसाच चालू राहिला. चौघे तुतीखाली बसोन गळालेल्या तुती खाऊ लागले, आणि गिझेलाबाईंच्या फुलाफुलांच्या गाऊनवर जांभळे डाग पडले.

उन्हे कलली आणि माळावरच्या रस्त्याने सायकलीचे कुरकुरणे ऐकू आले. बाईसाहेबांची स्वारी परतली. सायकलीच्या टोपलीत जत्रेतील, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे, लाल रंगाचे मधाचे बिस्कीट, अंगावर सणाचे काळे वस्त्र. फाटकाबाहेर मोटार पाहिली, तिजमागे पिंजऱ्याची गाडी पाहिली, आणि उतरल्या. आत आल्या नाहीत. सुलतान फाटकात, बाईसाहेब पलीकडे, फौज अलीकडे, ऐसा देखावा जाहला.

"हा पिंजरा कुणासाठी?" बाईसाहेबांनी विचारिले.

बेर्ताल टोपी काढोन म्हणाला, "डुकरांचा आहे, काकू."

"डुक्कर तर दिसत नाही गाडीत," बाईसाहेब म्हणाल्या, आणि एक एक करोन चौघांकडे पाहिले. "हां. आत आहेत होय."

मग सुनेकडे पाहोन त्यांनी क्षणभर काही तरी म्हणावयास तोंड उघडिले, गाऊन ओळखिला, आणि मिटले. आम्ब्रुशराव पुढे झाले आणि मातोश्रींची काळजी, हिवाळा, गोठलेली विहीर, मनगट, फ्लॅट, रेडिएटर, लिफ्ट ऐसे सर्व मुद्दे यथाक्रम मांडिले, आणि शेवटी म्हणाले की, "तू पडलीस तर मला कळणार पण नाही, आई. रोज रात्री फोन वाजला की वाटतं तेच."

"मग मी देवळात गेल्यावर का आलास?"

आम्ब्रुशराव बुटाने माती उकरू लागले. तेव्हा हकीमबाईंनी पुढे होऊन कानाची हकीकत रुजू केली आणि विचारिले की मावशी, तुम्हाला तरी हात लावू देतो का. बाईसाहेबांचा रुबाब येथे प्रथम उतरला. सायकल फाटकास टेकवोन त्यांनी बिस्किटाचा बदाम उगाच उलटासुलटा केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मलाही गुरगुरतो. कापणीपासून. म्हातारा झाला म्हटलं, गरम तेल घालायला गेले तर दात दाखवले. कुणाला सांगणार? ह्याला सांगितलं असतं तर त्याच दिवशी पिंजरा घेऊन आला असता." आणि डोळे पुसले नाहीत, परंतु नाक ओढिले, ते कुंपणापावेतो ऐकू आले.

मग बाईसाहेबांनी सुलतानास दोन शब्द सांगितले. सुलतान उठला आणि बाजूस जाहला, आणि फाटक मोकळे जाहले. फौजेपैकी कोणीही बाहेर गेले नाही. आम्ब्रुशराव गेले नाहीत, म्हणोन गिझेलाबाईंस जाता येईना. हकीमबाई आपली पेटी उघडीत होत्या. आणि बेर्तालास शेवट पाहावयाचा होता.

येथोन खरे रण माजले. आधी गुंगीची सुई, आणि ती मागच्या मांडीत घालण्याकरिता पुढचे डोके कोणी तरी गच्च धरावयास पाहिजे. बेर्तालने त्याच क्षणी आपणास कंबरेचे जुने दुखणे असल्याचे जाहीर केले. हकीमबाईंनी आम्ब्रुशरावांकडे पाहिले. आम्ब्रुशराव पांढरे पडले, ऐसे की जटांत वेगळे दिसेनात. बाईसाहेब म्हणाल्या, "तुझ्याशी वैर नाही रे त्याचं. ये." मग आम्ब्रुशराव गुडघे टेकोन बसले, दोन्ही हात सुलतानाच्या मानेभोवती घालोन जटांत तोंड खुपसले, आणि बाईसाहेब पुढे बसोन बोलू लागल्या. सुई गेली तेव्हा सुलतानाच्या छातीतून ऐसा घोष निघाला की वाड्यातील मेंढरे एका कोपऱ्यात गोळा झाली. आम्ब्रुशरावांनी मिठी सोडिली नाही. त्यांनी सुलतानाच्या उजव्या कानात काही सांगितले. ते कुंपणापावेतो आले नाही.

सुलतान हळूहळू जड जाहला आणि आडवा पडला. मग हकीमबाईंनी कानावरच्या जटा बाजूस केल्या. घाण ऐसी सुटली की बेर्ताल, ज्याची हयात डुकरांत गेली, तोही दोन पावले मागे सरला. गिझेलाबाईंस फोनचा उजेड धरावयास फर्माविले. त्यांनी एका हाताने नाक आणि एका हाताने उजेड धरिला, आणि थोड्या वेळाने नाक सोडोन एका डब्याच्या झाकणाने सुलतानाच्या तोंडावर वारा घालू लागल्या, कारण ऊन होते आणि तो धापत होता. कोणी पाहिले म्हणजे थांबत, आणि नजर वळली म्हणजे पुनः घालीत. हकीमबाईंनी कानातील केसांचे बोळे काढिले, पू पुसला, धुतले, पुनः पुसले, आणि लांब चिमटा आत घातला, आणि चिमट्याच्या टोकास शत्रू पकडोन बाहेर आणिला.

रानजवाचे कुसळ. नखाएवढे, काळे पडलेले, एका अंगास काटेरी, जे एकदा शिरले म्हणजे पुढेच सरकते, मागे येत नाही. कापणीच्या दिवसांत माळावर असली कुसळे लाखोंनी. त्यांतील एकाने सुलतानास मरणापावेतो आणि आम्ब्रुशरावांस पिंजऱ्यापावेतो नेले होते.

गिझेलाबाई वाकोन पाहत म्हणाल्या, "एवढंसं?"

"एवढंसं तुमच्या कानात घालून बघू का?" हकीमबाई म्हणाल्या. गिझेलाबाई नको म्हणाल्या.

मग तहाची बोलणी जाहली. हकीमबाईंनी निकाल दिला की कुत्रे माणसावर जाणारे नाही, दुखणाईत होते, आणि चार माणसे दिवसभर छळीत असता ज्याने कोणास ओरखडा केला नाही त्यास सुई घालावयास आपला हात धजणार नाही. कानात औषधाचे थेंब पुष्कळ दिवस घालावे, मग महिन्याचे महिन्यास कानातील केस उपटावे, कापणीनंतर कान आणि पायाच्या बोटांमधील जागा रोज पाहावी. आणि थेंब घालणे एकट्याचे काम नव्हे, एकाने डोके धरावे आणि एकाने घालावे, ऐसे त्यांनी सांगितले, आणि विचारिले की धरणारे कोण. बाईसाहेब म्हातारपणाने वाकल्यासारख्या होऊन ओट्यावर टेकल्या. आम्ब्रुशराव म्हणाले, मी येईन. फ्लॅटचा विषय त्यांनी पुनः एकवार काढू पाहिला, हिवाळा येतो आहे म्हणोन. तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "हिवाळ्याची भीती वाटते ना? मग हिवाळ्यात ये." त्यावर कोणाचेच काही चालिले नाही, आणि फ्लॅट रद्द जाहला.

गिझेलाबाई हकीमबाईंस घेऊन मोटारीने शहरास गेल्या, गाऊन अंगावरच, कारण स्कर्टावर सुलतान निजला होता आणि तो काढावा ऐसे कोणासही वाटले नाही. बेर्ताल रिकामा पिंजरा घेऊन गेला, आणि गुत्त्यात पोहोचेपावेतो त्याने सुलतानाचे दात दुप्पट केले. आम्ब्रुशराव तुतीखाली सुलतानाशेजारी बसोन राहिले, गुंगी उतरेपावेतो पाहिले पाहिजे म्हणोन. गुंगी उतरली, सुलतान उठोन पाणी प्याला आणि आपल्या गस्तीस निघाला, तरी ते बसलेच होते. फाटक उघडे होते. मग बाईसाहेबांनी आतोन हाक मारिली की सार निवते आहे, आणि ते उठोन घरात गेले.

येणेप्रमाणे मरियम मातेच्या सणाच्या दिवशी कुनशारोशच्या माळावर सुलतानाची फत्ते जाहली. शत्रू कुसळ जिवंत पकडोन मुरंब्याच्या बरणीत नजरकैदेत ठेविला असे, ज्यास पाहणे असेल त्याने वस्तीवर यावे, आणि परत जाण्याची घाई असेल त्याने येऊ नये. आम्ब्रुशराव तहाप्रमाणे डोके धरण्यास येतात. आता कान पुरता बरा जाहला, थेंब बंद होऊन केवळ केस उपटणे राहिले, तरी आठवड्याचे आठवड्यास येतात, आणि पहिले बर्फ पडले तेव्हाही वाट तुडवीत आले, आणि मुक्काम करितात.

याउपर एक मजकूर. तहानंतर थोड्याच दिवसांनी, एका गुरुवारी, कुंपणावरोन पाहता बाईसाहेब एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या, एका हाती जर्दाळूचा मुरंबा लाविलेल्या पातळ धिरड्याची गुंडाळी खात होत्या, आणि दुसऱ्या हाताने सुलतानाचा कान उलटा करोन थेंब घालीत होत्या, आणि सुलतान मळलेल्या कणकेसारखा त्यांच्या मांडीवर पसरला होता. बाईसाहेबांनी मान वर केली, आम्हांस पाहिले, आणि ताकीद केली की हे हकीकतीत लिहू नये, आणि शहरात तर मुळीच कळू नये. सबब हे लिहिले नाही, ऐसे वाचणाऱ्याने समजावे.